जुळवाजुळव

कादंबरी लिहिणारा माणूस घरात असला की घरातल्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. कवीचं त्या मानाने बरं असतं. तो पुरावा म्हणून खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि आपल्याला काही तातडीचं काम आठवायच्या आत वाचायलाही लागतो. कथालेखक दिवाळी अंक पुढे करतो. नाटककाराचं नाव जाहिरातीत, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्या आसपास, भिंग लावून का होईना, सापडतं. कादंबरी मात्र पुरी होईपर्यंत नसतेच. "सहा वर्षं लिहिताय म्हणता, मग दाखवा की," असं कुणी म्हटलं तर कादंबरीकाराजवळ दाखवण्यासारखी एकच वस्तू असते. खोका.

माझा खोका बिस्किटांचा आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याने तो मला फुकट दिला, साहित्याला आजवर मिळालेलं ते एकमेव अनुदान. खोक्यावर '१४४ नग' असं छापलेलं आहे. आतले नग त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. विजेच्या बिलांच्या पाठी, बँकेच्या जुन्या स्लिपा, औषधांच्या पावत्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. त्यातही हल्लीच्या पत्रिका गुळगुळीत कागदाच्या असतात, त्यावर पेन धरत नाही. लग्नं थाटात व्हायला लागल्यापासून मराठी कादंबरीचं फार नुकसान झालं आहे. कालनिर्णयची पानं मी आशेने उलटून पाहिली, तर मागे गाजराच्या वड्या आणि पाठीच्या मणक्याचे व्यायाम. नायक-नायिकेचा एकमेव प्रेमप्रसंग आईच्या छातीच्या एक्स-रेच्या पाकिटावर आहे. मध्ये एकदा आईला डॉक्टरांकडे नेताना तो तसाच बरोबर गेला. डॉक्टरांनी तो वाचला असावा, कारण औषध लिहून देताना ते माझ्याकडे जरा काळजीने बघत होते.

"कोऱ्या वह्या आणून दिल्या आहेत, त्यात का नाही लिहीत?" असं सौ. विचारते. तिचं चुकत नाही. पण कोऱ्या वहीपुढे बसलं की आपण कादंबरी लिहायला बसलो आहोत हे मनाला कळतं, आणि मन उठून चहा करायला जातं. बिलाच्या पाठीवर लिहिताना त्याला वाटतं, हा हिशेब करतोय, करू दे.

मुलगा बंगळूरहून सांगतो, "बाबा, लॅपटॉपवर लिहा. पाहिजे तो तुकडा पाहिजे तिथे उचलून ठेवता येतो." तेच तर भय आहे. आता जो तुकडा चुकून तिसऱ्या प्रकरणात पडून राहिला आहे तो केवळ कागद काढायचा कंटाळा म्हणून सुखाने नांदतोय. बोटाच्या टोकाने हलवता यायला लागला तर मी त्याला दिवसातून दहा वेळा हलवीन, आणि कादंबरीची शेवटी पंगत होईल, सगळे उठून सरकतायत आणि जेवत कुणीच नाही.

इंग्लंडात ट्रोलप नावाचा एक कादंबरीकार होऊन गेला. टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या टपालपेट्या तिकडे १८५२ साली सुरू झाल्या, त्या याच्याच सूचनेवरून. हा गृहस्थ रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. साडेआठला उठून, कपडे करून, कचेरीत. एक कादंबरी संपली की दुसऱ्या दिवशी पुढची. अशा त्याने सत्तेचाळीस लिहिल्या. हे सगळं त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालं, आणि ते वाचून लोकांचं त्याच्या कादंबऱ्यांवरचं मन उडालं असं म्हणतात. देवाने घड्याळ लावून जग निर्माण केलं हे भक्ताला कळण्यासारखंच ते.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा, २०१९ साली, मी ट्रोलपवर श्रद्धा ठेवून पहाटे साडेपाचला बसायला लागलो. पण ट्रोलपच्या आत्मचरित्रात एक बारीक उल्लेख आहे, तो चाहत्यांच्या नजरेतून सुटतो. त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक नोकर होता, आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. शिवाय ट्रोलप डोंबिवलीत राहत नव्हता. आमच्या सोसायटीत पाच दहाला पाणी येतं. पाच चाळीसला जातं. म्हणजे माझे पहिले पाचशे शब्द बादल्यांत जातात. मग दूध. मग पेपर. मग सौ.चं फिरायला जाणं, त्याआधी किल्ली शोधणं. साडेसहाला मी पेन उघडतो आणि खालून हाक येते, "काका, गाडी जरा पुढे घेता का?" माझ्याकडे गाडी नाही. पण हे रोज सांगायला खिडकीशी जावं लागतं.

आठला आई उठते. त्यानंतरचं लेखन हे चोरीत मोडतं.

एवढं करून दिवसाकाठी किती होतं, तर कधी पान, कधी अर्धं, कधी नुसतं काल लिहिलेलं खोडणं. गेल्या महिन्यात माझा नायक चाळीच्या जिन्यावर चढत होता तो अकरा दिवस तिथेच उभा राहिला. वर नेला तर बायकोशी बोलावं लागेल आणि काय बोलेल ते मला माहीत नव्हतं. खाली आणला तर चढवला कशाला? सौ. रोज भाजी निवडता निवडता विचारायची, "चढले का?" बाराव्या दिवशी तिनेच सांगितलं, "त्यांना जिन्यातच बसू द्या ना थोडा वेळ. ह्या वयात दम लागतो." मी बसवलं. बसल्यावर तो बोलायला लागला. तिचा सल्ला मी वापरला हे तिला अजून सांगितलेलं नाही. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात बघू.

"अगं, डोस्टोव्हस्कीने १८६६ साली एक अख्खी कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली," मी एकदा तिला म्हटलं. "त्याने एक लघुलेखिका ठेवली होती. विशीतली मुलगी. तशी कुणी मदतीला मिळाली तर–"

"आणि पुढच्याच वर्षी तिच्याशी लग्न केलं," सौ. म्हणाली. "हे तुम्हीच मागे सांगितलं होतंत."

लेखकाने घरात वाङ्मयेतिहास फार सांगू नये.

आमच्या ओळखीतली माणसं मात्र घाई करतात. सोसायटीचे सेक्रेटरी दर मीटिंगला विचारतात, "काय, कुठवर आलं?" जणू मी गच्चीची वॉटरप्रूफिंग करतोय. त्यांना मी नेमाड्यांचं उदाहरण देतो. त्यांची 'कोसला' १९६३ साली आली, ती त्यांनी पंचविशीत काही दिवसांच्या सपाट्यात लिहून काढली होती. आणि 'हिंदू'ची लोक कित्येक वर्षं वाट बघत होते, ती आली २०१० साली. "म्हणजे दोन्ही प्रकार आहेत," असं मी सांगतो. सेक्रेटरी विचार करतात आणि म्हणतात, "तुमचा दुसरा म्हणायचा." मग जरा थांबून, "पण तेवढी वर्षं..." हिशेब करणारी माणसं वाक्यं पुरी करत नाहीत.

नावाचीही एक अडचण आहे. नायकाला अजून नाव नाही. मी त्याला जी जी नावं दिली ती ती कुणाची ना कुणाची निघाली. एक नाव सौ.च्या मामांचं, त्यांनी प्लॉटचे पैसे बुडवले होते. दुसरं माझ्या व्याह्यांचं. तिसरं कुणाचंच नाही म्हणून खुशीत होतो तर नेमकं त्या नावाचं एक कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहायला आलं. चारशे पानं झाली, अजून तो 'तो'च आहे. समीक्षकांना यात काहीतरी दिसेल अशी मला आशा आहे.

खरं म्हणजे त्याचं नाव मला माहीत आहे. तो माझा बाप आहे.

अण्णा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, १९५६ पासून १९८८ पर्यंत. कंपोझिटर म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. पुस्तकाच्या पहिल्या पानांत अजूनही 'अक्षरजुळणी' असा शब्द छापतात आणि त्यापुढे कुणाचं तरी नाव असतं, पण आता तिथे कुणी काही जुळवत नाही. अण्णा जुळवायचे. समोर उतरत्या लाकडी केसा, त्यात खण, आणि खणाखणांत शिशाचे खिळे. इंग्रजीवाल्याचं लहानमोठी धरून बावन्न अक्षरांत आणि थोड्याफार चिन्हांत भागतं. आपल्याकडे अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार मिळून शेकडो खण. डाव्या हातात लोखंडी स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि लावायचा, आणि तोही उलटा. आरशात दिसावी तशी अक्षरं. घरी अण्णा पेपरसुद्धा क्षणभर उलटा धरून बघायचे. मग सुलटा करायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशा यायची.

पान जुळलं की दोऱ्याने करकचून बांधायचं, प्रूफ काढायचं, चुका काढायच्या, मग सोळा पानांचा फर्मा मशिनवर चढवायचा. आणि छापून झाला की सगळ्यात मोठी गंमत. लहान छापखान्यात अख्ख्या पुस्तकाला पुरतील एवढे खिळे कुठून असणार? म्हणून छापलेला फर्मा रॉकेलने धुऊन पुन्हा सोडायचा; एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात. त्याच खिळ्यांतून पुढचा फर्मा. म्हणजे पहिल्या प्रकरणात नायिकेचं नाव ज्या खिळ्यांनी छापलं त्याच खिळ्यांनी अठराव्यात तिचा खून व्हायचा, आणि मधल्या आठवड्यात त्याच खिळ्यांनी 'सत्यनारायणाच्या पूजेस सहकुटुंब यावे' हेही छापून व्हायचं. मराठी साहित्यातली कितीतरी करुण वाक्यं एकेकाळी लग्नपत्रिका होती. मी लग्नपत्रिकांवर कादंबरी लिहितो त्याला अशी घराण्याची परंपरा आहे.

अण्णा रोज संध्याकाळी प्रुफांचे रद्द कागद घरी आणत. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. आम्हा भावंडांच्या रफ वह्या त्यांच्याच. कोऱ्या बाजूला मी त्रैराशिकं सोडवायचो आणि छापलेल्या बाजूला कादंबऱ्या वाचायचो. मात्र तुटक. पान ८७ वर दारावर थाप पडली आणि नायिका घाबरून उठली. पान ८८ माझ्या धाकट्या बहिणीच्या वाटणीला आलं होतं आणि तिने त्याची होडी करून गटारात सोडली होती. पुढे हाती आलं ते एकदम पान १४१, तिथे कुणीतरी काशीला निघालं होतं. थाप कुणी मारली? काशीला कोण गेलं? मी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मधली त्रेपन्न पानं स्वतः भरून काढायचो. अशा निदान वीस-पंचवीस कादंबऱ्यांचे मधले भाग मी चौथीच्या आत लिहिलेले आहेत. सुरुवात आणि शेवट आयते मिळाले तर आजही माझा वेग ट्रोलपला मागे टाकील.

एकदा मी अण्णांनाच विचारलं, "दारात कोण होतं हो?"

अण्णा हात धूत होते. शिशाचे हात दोनदा साबण लावून धुवावे लागत, आणि मग आई त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. ते म्हणाले, "मला काय ठाऊक? मी अक्षरं बघतो. वाचत बसलो तर पान कधी व्हायचं?"

बत्तीस वर्षं माणूस कादंबऱ्या हाताने उचलून लावत होता आणि त्याने एकही वाचली नव्हती. निदान तो तसं म्हणायचा. अण्णा मुळातच कमी बोलत. दिवसभर इतके शब्द हातांतून जायचे की घरी आल्यावर आणखी वापरावेत असं त्यांना वाटत नसावं. १९९९ साली ते गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं एका फर्म्यात मावलं असतं.

आणि त्यांच्यावर कादंबरी लिहायची तर उरलेलं कुणाला विचारणार? आईला.

आईला आता सत्याऐंशीवं लागलंय. ती माझी संदर्भग्रंथालय आहे, आणि कुठल्याही ग्रंथालयाप्रमाणे मला हवं ते पुस्तक नेमकं बाहेर गेलेलं असतं. मी विचारतो, "आई, अण्णांना पगार किती होता गं?" ती सांगते, "तुझ्या मावशीच्या नवऱ्यापेक्षा कमी." मी विचारतो, "छापखान्याचे मालक कसे होते?" ती म्हणते, "दिवाळीला आकाशकंदिलाचा कागद द्यायचे." पण जे विचारलेलं नसतं ते भाजी चिरताना, अंगठा टोचून साखर बघताना अचानक येतं. रॉकेलच्या वासामुळे अण्णांचे शर्ट ती वेगळे भिजवायची. अण्णा झोपेत उजव्या हाताने हवेतून काहीतरी उचलायचे आणि डाव्या हातात ठेवायचे. हे ती सांगते तेव्हा माझ्या हाताशी जो कागद असेल त्यावर मी लिहून घेतो, आणि म्हणून तो खोका तसा आहे. वही आणायला उठलं की आई म्हणते, "जाऊ दे, तू कामात आहेस."

तिच्या कपाटात बोर्नव्हिटाचा एक जुना डबा आहे. त्यात अकरा खिळे आहेत. १९८८ साली छापखान्यात संगणक आले, खिळे वजनावर मोडीत निघाले आणि अण्णा घरी आले. त्या शेवटच्या दिवशी त्यांनी हे अकरा आणले. माझ्या कादंबरीचा शेवट, तुम्ही ओळखलंच असेल, ह्या डब्यात आहे. हीच अकरा अक्षरं का? मी ती शिक्क्याच्या शाईत बुडवून कागदावर उठवून पाहिली आहेत, पुढूनमागून लावून पाहिली आहेत. त्यांतून एकही धड शब्द होत नाही. रफार आहे पण तो कुणाच्या डोक्यावर द्यायचा ते समजत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या नावाची आणली होती. पुस्तकांवर उठवायला." आई, मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, बँकेत होतो. "मग? बँकेत शिक्के लागत नाहीत?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "माझ्या नावाची आणली होती." आणि जरा लाजून, "माहेरच्या." त्या नावाने तिला हाक मारणारं आता जगात कुणी नाही. मी त्या रात्री तीन पानं लिहिली. सहा वर्षांतला उच्चांक.

यंदा संक्रांतीला तिसऱ्यांदा विषय निघाला. "कसली आणतायत! शर्टाच्या खिशात राहिली होती चुकून. धुवायला घेतला तर बादलीत खडखडली. परत द्यायला कुठे छापखाना होता? ठेवली डब्यात."

माझ्या नावातलं त्यात एक अक्षर आहे. तिच्या माहेरच्या नावातली दोन. बाकीच्यांचं काय करायचं? मी वैतागून म्हटलं, "आई, यातलं खरं कुठलं?"

"तुला बरं वाटेल ते लिही. कादंबरीच लिहितोयस ना, की कोर्टात शपथेवर सांगतोयस?"

आता तिला चौथ्यांदा विचारायला मी बिचकतो. कारण गेल्या वर्षापासून आईचे काही खण रिकामे निघू लागले आहेत. सकाळी जेवली का ते आठवत नाही. नातवाला माझ्या नावाने हाक मारते, मला अण्णांच्या बंधूंच्या. डॉक्टर म्हणतात या वयात व्हायचंच, आणि माझ्याकडे बघून विचारतात, "तुमचं लेखन काय म्हणतंय?" मी म्हणतो, चाललंय. ट्रोलप समोर घड्याळ ठेवायचा. माझं घड्याळ दुपारी दोन ते चार झोपतं, उठल्यावर बिनसाखरेचा चहा घेतं आणि विचारतं, "आज कोण येणार आहे?"

कुणी येणार नसतं म्हणून मी तिला दुपारी कादंबरी वाचून दाखवायला लागलो. खोक्यातून हाताला येईल तो तुकडा. पुढचामागचा संबंध नसला तरी तिची तक्रार नसते, आणि आमच्या घरात तसं वाचायची सवयच आहे. ती डोळे मिटून ऐकते. मला वाटायचं झोपली. एक तुकडा तिला विशेष आवडतो. पावसाचा. मुंबईत ट्राम होती तेव्हाची, म्हणजे १९६४ च्या आधीची गोष्ट आहे. एका मोठ्या लेखकाची प्रुफं तातडीने तपासून हवी असतात, मुसळधार पाऊस, ट्राम बंद, लोकल बंद, आणि माझा 'तो' गिरगावातून दादरपर्यंत चालत जातो, परळला कमरेएवढ्या पाण्यातून, प्रुफं शर्टाच्या आत, वर उलटी झालेली छत्री. लेखक प्रुफं तपासतो आणि हा ती घेऊन रात्री दोनला परत येतो. हे प्रकरण मी मनाने रचलेलं आहे. ते रचताना मला जो आनंद झाला त्यावरून मला तशी खात्री होती.

गणपतीत बहीण आली होती. पोरं झोपल्यावर आई तिला सांगत होती, मी आतून ऐकलं. "एकदा काय पाऊस! तुझे वडील दादरपर्यंत चालत गेले, ती प्रुफं पोचवायला..."

मी पेन ठेवून दाराशी आलो. माझंच प्रकरण, माझ्याच क्रमाने. परळच्या पाण्यापर्यंत सगळं तसंच. पण पुढे आई म्हणाली, "छत्री कुठली असायला! ती दुरुस्तीला टाकलेली. गोणपाटाची खोळ घेतली होती डोक्यावर. दोन वाजता आले, कुडकुडत. मी म्हटलं आधी अंग पुसा. तर नाही. आधी प्रुफं. चुलीवर तवा टाकायला लावला मला आणि एकेक कागद तव्यावर धरून वाळवत बसले. एकाचा कोपरा जळलासुद्धा. मला म्हणाले, वाच बघू, काही अक्षर गेलं का. मी वाचून दाखवत होते. सगळं पान वाचून घेतलं माझ्याकडून. आणि मग म्हणाले, पुढचं वाच."

बहीण म्हणाली, "हो, मला आठवतंय." ती तेव्हा जन्मलेली नव्हती.

मी आईला काही म्हटलं नाही. तिला त्या वेळी सांगणार काय, की हे तुझं नाही, माझं आहे? आणि तवा तर माझा नव्हताच. खोळही नव्हती. रात्री दोनला बायकोकडून कादंबरी वाचून घेणारा कंपोझिटर माझ्या कुठल्याच बिलावर नव्हता. ते प्रकरण मी रचलं, की रफ वहीच्या वयात पडल्यापडल्या कधीतरी ऐकलं होतं, हे आता मला विचाराल तर मलाही सांगता येणार नाही, आणि ज्या दोन माणसांना विचारायचं त्यांतलं एक भिंतीवर आहे.

त्याच रात्री मी छत्री काढून खोळ घातली. तवा घातला. जळलेला कोपरा घातला. 'पुढचं वाच' हे शेवटी ठेवलं, आणि ठेवल्यावर मला पहिल्यांदाच असं वाटलं की ही कादंबरी पुरी होण्यासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा आईला वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. तव्यापाशी आलो तशी ती डोळे न उघडता म्हणाली, "तवा नव्हता रे. शेगडीवर तारेची जाळी होती, पापड भाजायची. तव्याने शाई नसती का फासली?"

मी तवा खोडला. वर जागा उरली नव्हती, म्हणून जाळी समासात लिहिली.